दीड फूट बाहेरचा ओटा

गजभिये काका कुठल्याही वॉर्डाची सीमा तपासायला निघाले की वॉर्ड उजव्या हाताला ठेवूनच चालत. वॉर्ड आत, आपण बाहेर, आणि उजवा खांदा सतत वॉर्डाकडे, देवळाला प्रदक्षिणा घालतात तसा. मी ऑफिसात नवीन होते तेव्हा एकदा विचारलं, काका, उलटं फिरलं तर काय बिघडतं? घरं तीच, नाला तोच. ते थांबले, चष्मा कपाळावर चढवला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "काही बिघडत नाही, नीताबाई. फक्त मग कागद बी उलटा लिहावा लागते, आणि आपल्या साहेबाले सुलटाच कागद कसाबसा समजते."

मी त्यांच्या मुलीपेक्षाही लहान, पण त्यांनी मला कधी नुसतं नीता म्हटलं नाही. चारचौघांत 'मॅडम', आणि आम्ही दोघंच उरलो की 'नीताबाई'. त्या 'बाई'त मान किती आणि चिडवणं किती, हे मला चार वर्षांत कळलं नाही. मीही सगळ्यांसमोर त्यांना सर म्हणे आणि एरवी काका. अख्ख्या खोलीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. आमचं घराणं कुठल्याशा मराठा सरदाराच्या चाकरीत जबलपूरला आलेलं आणि आता विजय नगरात फ्लॅट घेऊन बसलेलं. काकांचे वडील नागपूरकडून खमरियाच्या कारखान्यात आलेले. काका म्हणत, तुझी मराठी पुस्तकातली आहे, तिला घाम येत नाही. मी म्हणे, तुमच्या मराठीला फारच येतो. यावर ते खूश होत.

आमच्या टेबलावर काम होतं वॉर्डांचं. शहर वाढतं, पण सगळीकडून सारखं वाढत नाही. एका वॉर्डात नवीन कॉलन्या उभ्या राहून माणसं मावेनाशी होतात, शेजारच्या वॉर्डातली पोरं नोकऱ्यांसाठी बाहेर पडतात आणि तिथे म्हातारे आणि कुलपं उरतात. मग दोन्हीकडे एकेकच पार्षद, म्हणजे नगरसेवक, कसा चालेल? म्हणून निवडणुकीच्या आधी रेघा हलवायच्या आणि सगळ्या वॉर्डांत माणसं साधारण सारखी करायची. सरकारी कागदावर त्याला परिसीमन म्हणतात. काका त्याला 'वाटण्या' म्हणत. आज कोणाच्या वाटण्या काढल्या, असं विचारत ते सकाळी आत शिरत, गमछा खुर्चीच्या पाठीवर टाकत आणि खिशातून स्टीलचा टेप काढून टेबलावर ठेवत. तो टेप त्यांच्याजवळ कायम असे. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी तो काढून दोन पानांमधलं अंतर मोजल्याचं मी स्वतः पाहिलं आहे.

नकाशा माझ्या कॉम्प्युटरवर आणि शहर त्यांच्या पायांत, अशी आमची जोडी. मी स्क्रीनवर रेघ ओढायची आणि त्यांनी म्हणायचं, ही भिंत आहे, हिच्यातून तू माणसं कशी नेऊन राहिली? मग आम्ही जागेवर जायचो. स्कूटर ते वॉर्डाच्या तोंडाशी लावत, कारण सीमा पायीच बघायची असा त्यांचा नेम. मे महिन्यातसुद्धा. माझी एक चप्पल त्या नेमात गेली.

घराघरांत चौकशी करायची वेळ आली की काका कधीही 'घरात किती माणसं' असं विचारत नसत. ते विचारत, "रात को कितनी थालियाँ लगती हैं?" मराठी घर असलं तर, "रात्री किती ताटं लागतात?" त्यांचं म्हणणं असं, की माणसं विचारली की लोक सावध होतात. कोणी भाडेकरू लपवतो, कोणी भोपाळला शिकणारा मुलगा घरातच सांगतो, कोणाला वाटतं राशनकार्डाचं काही आहे. पण ताटं विचारली की बाई आतून खरं तेच सांगते. एका घरात बाप आठ माणसं सांगत होता. काकांनी ताटं विचारल्यावर त्याच्या बायकोने आतून सहा सांगितली, आणि मग त्या दोघांचं जे सुरू झालं ते ऐकत आम्ही पुढच्या घराला गेलो.

पुढाऱ्यांशी वागायची त्यांची रीत तर ऑफिसात सगळ्यांना पाठ होती. एकदा पार्षद व्हायची स्वप्नं पडणारे एक गृहस्थ मिठाईचा डबा घेऊन आले. त्यांना एक विशिष्ट कॉलनी आपल्या वॉर्डात हवी होती आणि एक विशिष्ट वस्ती नको होती. काका एका शब्दाने नाही म्हणाले नाहीत. भैयाजी, सूचना उत्तम आहे, चला, सीमा बघूनच घेऊ, असं म्हणून त्यांनी त्या माणसाला भर दुपारी वॉर्ड उजव्या हाताला ठेवून चालवायला सुरुवात केली. दर वळणावर थांबून ते त्याला एकेक खूण समजावून सांगत, आणि तो पाण्याची बाटली शोधत असे. अर्धी प्रदक्षिणा झाली तेव्हा भैयाजी एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, जैसी है वैसी ही ठीक है. मिठाई काकांनी त्यांच्या हातात परत दिली, वर म्हणाले की साखर कमी झाली असेल, खाऊन घ्या.

दमले की काका सदरला जात. सदर म्हणजे छावणी, तिथला कारभार वेगळा, आमच्या वॉर्डांच्या रेघा तिथे जातच नाहीत. तिथे बाकावर बसून खव्याची जिलबी खाताना त्यांचा चेहरा इतका निवांत व्हायचा की मला हसू यायचं. ते म्हणत, अख्ख्या जबलपुरात ही एकच जागा आहे जिथे मला कोणी विचारत नाही, गजभिये जी, हमारा मकान किसमें आया.

पण लोकांच्या खऱ्या तक्रारी वेगळ्याच असत, आणि त्या मला काकांमुळे कळल्या. प्रत्येक वॉर्डाची चौहद्दी हिंदीत लिहून छापली जाते: उत्तरेला अमुक नाल्यापासून तमुक रस्त्यापर्यंत, पूर्वेला अमक्याच्या मकानापर्यंत. ती छापून आली की आपत्ती, म्हणजे हरकती, मागवतात. आम्हाला वाटायचं लोक लोकसंख्येवर भांडतील. एकदा दोन शेजारी आले, दोघे सत्तरीचे. एकाच्या घराचं नाव सीमेत छापून आलं होतं आणि दुसऱ्याचं नव्हतं. दुसरा म्हणत होता, माझं घर आधीचं आहे, कोपरा माझा आहे, मग राजपत्रात याचं नाव काहून? म्हणजे तो हिंदीतच म्हणत होता. 'काहून' मला काकांच्या शेजारी बसून लागलं. पहिल्याने तो कागद फ्रेम करून बैठकीत लावला होता. काकांनी दोघांना चहा पाजला, दोघांची नावं काढून टाकली आणि तिथे विजेच्या डीपीचा नंबर लिहिला. दोघेही सारखेच नाराज होऊन, एकमेकांशी बोलत घरी गेले.

त्या दिवशी काकांनी मला त्यांचा नियम सांगितला. सीमेत माणसाचं नाव घालायचं नाही. माणूस जातो, घर विकलं जातं, पाडलं जातं, वीस वर्षांनी आपल्यासारखाच कोणी बिचारा कागद घेऊन अमक्याचं मकान शोधत उन्हात फिरतो. नाला धर, पुलिया धर, रस्ता धर. मी तो नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. ती वही अजून माझ्याजवळ आहे.

आता खरी गोष्ट सांगते. खमरियाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून काकांची गल्ली होती. कारखान्याच्या नोकरीसाठी विदर्भातून आलेल्या लोकांची गल्ली, तोंडाशी बुद्धविहार, दोन्ही बाजूंना घरं, आणि टोकाला पुलिया, नाल्यावरचा लहानसा पूल. गल्लीच्या डाव्या ओळीत काकांचं घर. उजव्या ओळीच्या मागून नाला वाहतो, आणि पुलियाजवळचं त्या ओळीतलं शेवटचं घर त्यांच्या धाकट्या भावाचं, वामनकाकांचं. या दोघांत बारा-तेरा वर्षं बोलणं नव्हतं. मला आधी वाटलं काहीतरी मोठं असेल. कारण ऐकलं तेव्हा मी तोंडावर ओढणी धरून हसले.

वामनकाकांनी घर बांधलं, गृहप्रवेशाची बुद्धवंदना ठेवली, पाहुणे आले, खीर झाली. सगळे नव्या ओट्याचं कौतुक करत होते, आणि आमच्या काकांनी सवयीने खिशातून टेप काढला. ओटा गल्लीत दीड फूट बाहेर आला होता. हे त्यांनी मनात ठेवायचं की नाही? त्यांनी ते भर पाहुण्यांत, सरकारी आवाजात जाहीर केलं आणि वर म्हणाले, माझाच भाऊ अतिक्रमण करत असेल तर मी लोकांना काय सांगू. वामनकाका म्हणाले, मग माझ्या अतिक्रमणावर पाय ठेवू नको. काकांनी पायात चपला घातल्या आणि गल्ली ओलांडून घरी आले. त्यानंतर रोज समोरासमोर दारं उघडत आणि रोज दोघे दोन दिशांना बघत बाहेर पडत. काकू गेल्या तेव्हा वामनकाका खांदा द्यायला आले, सगळं होईपर्यंत थांबले, आणि एक शब्द न बोलता परत गेले. मुलगी भोपाळला. काका एकटेच राहत आणि आम्हाला सांगत की एकटं बरं असतं, टीव्हीचा रिमोट हरवत नाही.

हे सगळं मला माहीत नव्हतं तेव्हाची ती दुपार. त्यांच्या भागातला वॉर्ड भारी झाला होता, शेजारचा हलका. एक तुकडा इकडून तिकडे द्यायचा होता. इथे एक गोष्ट सांगायला हवी. जनगणनेच्या वेळी शहराचे छोटे ब्लॉक पाडतात, एक गणक मोजू शकेल एवढ्या घरांचा एक ब्लॉक. वॉर्ड करताना हे ब्लॉक अख्खे उचलायचे, मोडायचे नाहीत. मी स्क्रीनवर एकेक ब्लॉक हलवून बघत होते, कुठे माणसं जास्त होत, कुठे कमी पडत. शेवटी नाल्याच्या अलीकडचा एक ब्लॉक उचलून पलीकडच्या वॉर्डात टाकला आणि दोन्ही आकडे असे जुळले की मी टेबलावर टाळी वाजवली. काका, जमलं, म्हणाले मी. त्यांनी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग गमछा उचलला आणि तब्येत ठीक नाही म्हणून घरी गेले. मला रागच आला. एवढं चांगलं काम, आणि शाबासकी नाही.

साहेबांना जुळलेले आकडे फार आवडतात. प्रारूप छापलं गेलं, आपत्तीसाठी सात दिवस मिळाले. रेघ काकांच्या गल्लीच्या बरोबर मधून गेली होती. डावी ओळ एका वॉर्डात, उजवी दुसऱ्यात. गल्लीतले लोक ऑफिसात आले, त्यांच्यात वामनकाकांची बायको शीलाकाकूही होती, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, स्पष्ट बोलणारी. ती काकांकडे न बघता माझ्याशी बोलली. ती म्हणाली, गल्लीचा रस्ता सिमेंटचा व्हावा म्हणून आम्ही दहा वर्षं अर्ज देत आहोत. आतापर्यंत निदान एक पार्षद तरी होता टाळाटाळ करायला. आता अर्धा रस्ता याचा आणि अर्धा त्याचा, हा म्हणेल तिकडे जा आणि तो म्हणेल इकडे. आणि सगळी मतं एकत्र होती म्हणून निवडणुकीला कोणी दारात तरी येत होतं. अर्धी अर्धी झाल्यावर कोण विचारणार आम्हाला? मी ते लिहून घेतलं. आकडे जुळवणारी मीच होते ना.

लोक गेल्यावर काकांनी मला जे सांगितलं ते त्यांनी आधी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. मागच्या जनगणनेच्या वेळी त्या भागाचे ब्लॉक त्यांनीच पाडले होते. शहाण्या माणसाने नाल्यापर्यंतची दोन्ही ओळींची घरं एका ब्लॉकात घेतली असती. पण माणसं कमी होती, एक ब्लॉक काकांना स्वतः मोजायचा होता, आणि तो त्यांच्याच गल्लीचा होता. वामनच्या दाराशी उभं राहून किती ताटं लागतात हे विचारावं लागणार होतं.

"मी गल्लीच्या मधून पेन्सिल फिरवली," ते म्हणाले. "इकडची ओळ माझी, तिकडची दुसऱ्याची. दोन मिनिटांचं काम. वाटलं, कोणाले काय समजते."

मी म्हटलं, तुम्ही तर नाला धर, रस्ता धर असं शिकवता. ते म्हणाले, रस्ताच धरला होता, नीताबाई. एवढं बोलून त्यांनी टेप हातात घेतला आणि उगाच ओढून सोडला. एका माणसाचा रुसवा नकाशात गेला होता, नकाशातून माझ्या स्क्रीनवर आला होता आणि आता छापून शहराचा कायदा व्हायला निघाला होता. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण समोर बसलेला माणूस इतका लहान दिसत होता की मी उठून चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतःच्या अक्षरात, गल्लीचे रहिवासी म्हणून, स्वतःच्याच रेघेवर आपत्ती दाखल केली. साहेबांनी ती दोनदा वाचली. "गजभिये जी, आपकी ही लाइन पर आपकी ही आपत्ति?"

"लाइन मेरी है साहब, इसीलिए गलती कहाँ है वो भी मुझे ही मालूम है."

साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त जुळलेला आकडा सोडवत नव्हता त्यांना. ते म्हणाले, दोन्ही ओळींची घरोघर यादी करा, हाताने नजरी नकाशा काढा, प्रत्येक घरातल्या कर्त्याची सही घ्या, आणि बदल्यात दुसरं कोण जाईल तेही दाखवा. याच वॉर्डातला, पण नाल्याच्या पलीकडचा एक ब्लॉक तसाही नाल्यामुळे तुटलेला होता, तो देता येत होता. म्हणजे काम होण्यासारखं होतं. फक्त प्रत्येक घरात जाणं आलं, आणि दोन कर्मचारी हवेत असा नियम. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी चप्पल बदलून आले.

आम्ही सकाळी दहाला विहाराशी स्कूटर लावली. डावी ओळ भराभर झाली. स्वतःच्या घराशी आल्यावर काकांनी कुलपाकडे बघून लिहिलं, ताट एक. मग परत विहाराशी येऊन उजव्या ओळीला लागलो. इथे मात्र त्यांचा वेग कमी होत गेला. एका घरी पाणी प्यायले, पुढच्या घरी परत पाणी प्यायले. तिसऱ्या घरी त्यांनी नकाशावर एक नीमाचं झाड इतकं मन लावून काढलं की त्याला पानं येऊ लागली. मी म्हटलं, काका, झाडाला मत नसतं. ते हूं म्हणाले आणि पुढे निघाले.

वामनकाका ओट्यावरच बसले होते, पेपर उघडून. गल्लीभर बातमी पोचलेली होती, सगळ्या दारांत कोणी ना कोणी काहीतरी निवडत किंवा झाडत उभं होतं. काका ओट्यापासून दोन हात लांब, गल्लीत उभे राहिले. फॉर्मकडे बघून म्हणाले, "मकान नंबर?"

वामनकाकांनी पेपर खाली केला. "तुले माहीत नाही?"

"फॉर्मात विचारा लागते."

त्यांनी नंबर सांगितला. काकांनी लिहिला. मग कर्त्याचं नाव विचारलं, तेही वामनकाकांनी सांगितलं, वडिलांच्या नावासकट. तेही काकांनी लिहिलं, आपल्याच वडिलांचं नाव, हळूहळू. मला खाली बघावंसं वाटलं, पण मी सरकारी कामावर होते, म्हणून नकाशाकडे बघितलं.

"रात्री किती ताटं लागतात?"

"चार."

आतून शीलाकाकू बाहेर आली. हात पदराला पुसत ती म्हणाली, "चार रोजची. बुद्धपौर्णिमेले खिरीची एक वाटी जास्त काढून राहिली मी, इतकी वर्षं. हे काही बोलत नाही. पण झोपाच्या आधी विचारते, ठेवली का म्हणून."

 वामनकाकांनी पेपर परत वर केला, पण तो उलटा होता. गजभिये काकांनी पेन उघडलं, रकान्यात लिहिलं आणि म्हणाले, "चारच लिहितो. पाचवा समोरच्या ओळीत मोजला आहे."

त्यांचा आवाज अगदी नेहमीचा, सरकारी होता. डोळे मात्र नव्हते.

मग सही घ्यायची होती. वामनकाका म्हणाले, सही उभ्याने होत नाही, बस. आणि ते थोडे सरकले. काका त्या ओट्यासमोर उभे राहिले आणि त्यांची नजर ओट्याच्या कडेवरून खाली गल्लीत गेली, परत वर आली. त्यांचा हात खिशाकडे गेला.  त्याच खिशात टेप होता. सगळ्या दारांतल्या बायकांचं निवडणं थांबलं. काकांनी खिशातून रुमाल काढला, ओट्यावरची जागा पुसली आणि बसले. शीलाकाकू आत गेली आणि चहा ठेवल्याचा आवाज आला. तो चहा व्हायला फार वेळ लागला, कारण ती आत रडत होती असं नंतर तिनेच मला सांगितलं.

आपत्ती मान्य झाली. रेघ गल्लीतून उठून नाल्यावर गेली, पलीकडचा ब्लॉक तिकडच्या वॉर्डात गेला, आकडे माझ्या टाळीइतके सुंदर नाही पण बऱ्यापैकी जुळले. शेवटची चौहद्दी काका बोलत होते आणि मी टाइप करत होते. नाले के किनारे-किनारे पुलिया तक, एवढं झालं आणि मी पुढच्या दिशेला जाणार, तर ते म्हणाले, थांब. मग सांगितलं: "पुलिया से लगे हुए श्री वामन गजभिये के मकान के चबूतरे तक."

चबूतरा म्हणजे तोच ओटा. मी टायपिंग थांबवलं. काका, म्हटलं, पुलिया आहे ना खूण. सीमेत माणसाचं नाव घालायचं नाही, माझ्या वहीत लिहिलेलं आहे.

"पुलिया वाहून जाते," ते म्हणाले.

ती पुलिया दगडी होती आणि आम्ही दोघं जन्मायच्या आधीपासून तिथे होती. मी त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते आणि चष्मा पुसत होते. मी टाइप केलं. साहेबांनी न वाचता सही केली, कारण कागद सुलटा होता.

त्याच वर्षी काका निवृत्त झाले आणि माझ्या नवऱ्याच्या नोकरीमुळे मी नागपूरला आले. इथे सगळेच मराठी बोलतात आणि माझी मराठी आता थोडी घामेजली आहे. मागच्या हिवाळ्यात माहेरी गेले होते तेव्हा भावाची स्कूटी घेऊन मुद्दाम त्या गल्लीत गेले. रस्ता सिमेंटचा झाला होता. उतरत्या उन्हात दोघे भाऊ ओट्यावर बसले होते, मधे मुरमुऱ्यांची थाळी. सिमेंट ओतणाऱ्यांना त्या ओट्याशी वळसा घ्यावा लागला होता, रस्त्याची कड तेवढ्यापुरती आत वळलेली दिसत होती. वामनकाकांच्या दाराच्या आत, भिंतीवर, राजपत्राचं पान फ्रेम करून लावलेलं होतं.

मी स्कूटी थांबवली, नमस्कार केला आणि जाता जाता विचारलं, "काका, ओटा अजून दीड फूट बाहेरच आहे ना?"

गजभिये काकांनी मुरमुऱ्यांची मूठ तोंडात टाकली, सावकाश चावली, आणि त्यांचा तो जुना सरकारी आवाज काढला. "आता ती शहराची सीमेची खूण आहे, नीताबाई. तिले कोणाले हलवता येत नाही."

वामनकाका दुसरीकडे बघून हसले आणि थाळी त्यांनी भावाच्या बाजूला थोडी सरकवली.